अमिताभ बच्चन यांच्या अल्पपरिचित चित्रपट-भूमिका

अमिताभ बच्चन (जन्म : ११ ऑक्टोबर १९४२, अलाहाबाद) या हिंदी चित्रपट अभिनेत्याने नायकाच्या प्रमुख भूमिकांखेरीज अनेक चित्रपटांत निवेदक, मूक पात्र, खलनायक, पाहुणा कलाकार किंवा स्वतः ‘अमिताभ बच्चन’ म्हणून काम केले आहे. यांतील बहुतेक कामे काही मिनिटांची आहेत. काहींत त्यांचा फक्त आवाज आहे, तर एका महत्त्वाच्या चित्रपटात त्यांचा आवाजच नाही. ‘जंजीर’, ‘दीवार’, ‘शोले’ यांसारख्या चित्रपटांच्या लोकप्रियतेपुढे ही कामे मागे पडली. तरीही त्यांच्या कारकिर्दीची जडणघडण समजण्यासाठी ती उपयुक्त ठरतात. १९६९ ते १९७२ या काळातील कामांत या उंच, सडपातळ, खर्जातील आवाजाच्या तरुणाचा नेमका उपयोग काय करावा, याविषयी चित्रपटसृष्टीची अनिश्चितता दिसते. १९७३नंतरच्या कामांत याच व्यक्तीच्या नुसत्या दर्शनालाही किंमत आल्याचे दिसते.

संज्ञा आणि व्याप्ती

चित्रपटाच्या श्रेयनामावलीत छोट्या कामांसाठी ‘पाहुणा कलाकार’, ‘विशेष उपस्थिती’, ‘स्नेहपूर्ण सहभाग’ अशा निरनिराळ्या संज्ञा वापरल्या जातात. त्यांच्या वापरात एकसूत्रीपणा नाही. एखाद्या गाण्यात क्षणभर दिसणारा नट आणि कथानकाला वळण देणारा नट हे दोघेही ‘पाहुणे कलाकार’ म्हणून नोंदवले जातात. काही वेळा नावाचा उल्लेखही होत नाही. त्यामुळे बच्चन यांच्या चित्रपटांची एकूण संख्या निरनिराळ्या सूचींत वेगवेगळी आढळते.

या लेखात चार प्रकारची कामे विचारात घेतली आहेत : (१) केवळ आवाजाची कामे, (२) नायकपद मिळण्यापूर्वीच्या किंवा नायकाच्या रूढ प्रतिमेशी विसंगत भूमिका, (३) स्वतःच्याच नावाने दिलेले दर्शन आणि (४) हिंदीखेरीज अन्य भाषांतील छोटी कामे.

पार्श्वभूमी

अमिताभ हे हिंदी कवी हरिवंशराय बच्चन आणि तेजी बच्चन यांचे ज्येष्ठ पुत्र होत. नैनितालचे शेरवूड कॉलेज आणि दिल्लीचे किरोडीमल कॉलेज येथे त्यांचे शिक्षण झाले. पुढे त्यांनी कोलकात्यातील खासगी कंपन्यांमध्ये नोकरी केली. आकाशवाणीच्या आवाज-चाचणीत आपली निवड झाली नव्हती, असे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे. नोकरी सोडून ते मुंबईत आले तेव्हा हिंदी पडद्यावर राजेश खन्ना यांच्या लोकप्रियतेचा काळ सुरू होत होता. प्रणयी नायकाचा गोंडस चेहरा ही त्या वेळची मागणी होती आणि बच्चन यांचे व्यक्तिमत्त्व तिच्यात बसणारे नव्हते.

आरंभीची कामे (१९६९–१९७२)

भुवन शोम

प्रेक्षकांनी बच्चन यांना पडद्यावर पाहण्यापूर्वी त्यांचा आवाज ऐकला. मृणाल सेन यांचा ‘भुवन शोम’ हा हिंदी चित्रपट १९६९ साली प्रदर्शित झाला. बंगाली लेखक बनफूल यांच्या कथेवर तो आधारित आहे. रेल्वेतील एक करडा, विधुर अधिकारी पक्ष्यांच्या शिकारीसाठी सौराष्ट्रात जातो आणि तेथे भेटलेल्या एका ग्रामीण तरुणीमुळे त्याचा कठोरपणा सैल होतो, एवढेच त्याचे कथासूत्र आहे. उत्पल दत्त आणि सुहासिनी मुळे यांनी प्रमुख भूमिका केल्या. चित्रीकरण के. के. महाजन यांचे होते. चित्रपटातील मिश्कील निवेदन बच्चन यांच्या आवाजात आहे.

सेन यांनी हा आवाज ख्वाजा अहमद अब्बास यांच्या घरी ऐकला होता. त्यांच्या आठवणीनुसार या कामासाठी ३०० रुपये मानधन देण्यात आले. श्रेयनामावलीत आडनाव नाही, केवळ ‘अमिताभ’ एवढेच नाव आहे. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपट, सर्वोत्कृष्ट दिग्दर्शन आणि सर्वोत्कृष्ट अभिनेता (उत्पल दत्त) हे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. भारतीय समांतर चित्रपटाच्या प्रारंभबिंदूंपैकी तो एक मानला जातो. पुढे व्यावसायिक चित्रपटाचे प्रतीक ठरलेल्या नटाचा पहिला सहभाग अशा प्रकारे समांतर चित्रपटाच्या उगमाशी जोडलेला आहे.

सात हिंदुस्तानी

अभिनेता म्हणून बच्चन यांचा पहिला चित्रपट म्हणजे अब्बास यांचा ‘सात हिंदुस्तानी’. तो नोव्हेंबर १९६९मध्ये प्रदर्शित झाला. त्याचा विषय गोवा मुक्तिसंग्राम हा आहे. देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेले सहा सत्याग्रही आणि मारिया ही गोमंतकीय तरुणी पोर्तुगीज ठाण्यांवर तिरंगा फडकवण्यासाठी एकत्र येतात. रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या प्रसंगी मारियाला त्या दिवसांचे स्मरण होते, अशी कथनाची रचना आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाले होते. चित्रपट आला तेव्हा त्या घटनेला आठ वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

भूमिकांची वाटणी करताना अब्बास यांनी नटांना जाणीवपूर्वक त्यांच्या प्रांताबाहेरची पात्रे दिली. बंगाली उत्पल दत्त पंजाबी झाले, मल्याळम चित्रपटांतील मधू बंगाली झाले आणि जलाल आगा यांनी सखाराम शिंदे या मराठी सत्याग्रह्याची भूमिका केली. बच्चन यांच्याकडे अन्वर अली या बिहारमधील मुसलमान कवीची भूमिका आली. हेच नाव असलेले अभिनेते अन्वर अली (विनोदी नट मेहमूद यांचे बंधू) या चित्रपटात दुसऱ्या भूमिकेत आहेत. त्यांच्याशी बच्चन यांची मैत्री झाली आणि पुढच्या अडचणीच्या काळात ती उपयोगी पडली.

ही भूमिका आधी टिन्नू आनंद करणार होते. सत्यजित राय यांच्याकडे साहाय्यक दिग्दर्शक म्हणून काम करण्याची संधी मिळाल्याने त्यांनी ती सोडली आणि ती बच्चन यांना मिळाली. मानधन ५,००० रुपये होते. हा तरुण घरातून पळून आला नसल्याची खात्री करून घेण्यासाठी अब्बास यांनी करारापूर्वी हरिवंशराय यांच्याशी संपर्क साधला होता. चित्रपटाला राष्ट्रीय एकात्मतेवरील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा आणि गीतकार कैफी आझमी यांना सर्वोत्कृष्ट गीतलेखनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिकीटबारीवर मात्र त्याला यश लाभले नाही.

‘भुवन शोम’ आणि ‘सात हिंदुस्तानी’ यांपैकी बच्चन यांचा पहिला चित्रपट कोणता, याबाबत सूचींत भिन्नता आढळते. प्रदर्शनाच्या क्रमाने पाहिल्यास पहिला आवाज ‘भुवन शोम’मध्ये ऐकू येतो आणि पहिले दर्शन ‘सात हिंदुस्तानी’मध्ये घडते.

रेश्मा और शेरा

सुनील दत्त यांनी निर्मिलेल्या आणि दिग्दर्शित केलेल्या ‘रेश्मा और शेरा’ (१९७१) या चित्रपटात बच्चन यांनी छोटू या मुक्या तरुणाची भूमिका केली. राजस्थानच्या वाळवंटातील दोन घराण्यांच्या वैरातून उभी राहिलेली ही प्रेमकथा आहे. छोटू हा नायक शेराचा धाकटा भाऊ आणि अचूक नेमबाज. वडिलांच्या आज्ञेवरून तो गोळी झाडतो आणि त्यातून पुढचा सर्व अनर्थ घडतो. आपल्या हातून काय झाले हे त्याला कळते, परंतु ते सांगण्यासाठी त्याच्याजवळ वाणी नाही.

पुढे ज्याच्या आवाजाची देशभर नक्कल झाली, त्या नटाला कारकिर्दीच्या उंबरठ्यावर असे निःशब्द काम मिळाले, हा या भूमिकेचा सर्वांत अधिक सांगितला जाणारा विशेष आहे. अभिनयाच्या दृष्टीने पाहता ती सर्वस्वी डोळ्यांवर आणि देहबोलीवर उभी आहे. अपराधाने दबलेले खांदे आणि एकटक नजर ही पुढील संतप्त नायकाची ओळखचिन्हे येथे आधीच दिसतात. या चित्रपटासाठी वहिदा रहमान यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा आणि संगीतकार जयदेव यांना सर्वोत्कृष्ट संगीताचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९७२च्या बर्लिन आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धा विभागात तो दाखवण्यात आला. ऑस्कर पुरस्कारासाठी भारताची प्रवेशिका म्हणूनही त्याची निवड झाली होती.

बावर्ची

हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘बावर्ची’ (१९७२) या चित्रपटात नायक राजेश खन्ना आहेत आणि बच्चन पडद्यावर दिसत नाहीत. तपन सिन्हा यांच्या ‘गल्प होलेओ सत्यि’ (१९६६) या बंगाली चित्रपटावरून तो घेतला आहे. नाटकाप्रमाणे पडदा उघडतो आणि श्रेयनामे अक्षरांत दाखवण्याऐवजी बच्चन यांच्या आवाजात सांगितली जातात. एकमेकांशी न पटणाऱ्या कुटुंबाची ओळखही हाच आवाज करून देतो. आदल्या वर्षीच्या ‘आनंद’मध्ये खन्ना आणि बच्चन समोरासमोर होते. ‘बावर्ची’त एकाचा चेहरा आणि दुसऱ्याचा आवाज अशी विभागणी झाली आहे.

नायकाच्या प्रतिमेशी विसंगत भूमिका

परवाना

‘परवाना’ (१९७१) हा बच्चन यांच्या आरंभीच्या काळातील उघड खलनायकी भूमिकेचा चित्रपट होय. दिग्दर्शक ज्योती स्वरूप हे ‘पडोसन’ (१९६८) या विनोदी चित्रपटासाठी अधिक परिचित आहेत. ‘परवाना’चे नायक नवीन निश्चल आणि नायिका योगिता बाली. बच्चन यांचा कुमार सेन हा एकतर्फी प्रेमाने पछाडलेला तरुण आहे. नायिकेने दुसऱ्याची निवड केल्यावर तो थंड डोक्याने एका खुनाचा कट रचतो आणि त्याचा आळ नायकावर येईल अशी व्यवस्था करतो. आपण त्या वेळी रेल्वेच्या प्रवासात होतो असा देखावा उभा करून मधल्या अवधीत विमानाने जाऊन खून करणे आणि पुन्हा गाडी गाठणे, ही त्या कटाची मांडणी चित्रपटात तपशीलवार दाखवली आहे.

या चित्रपटाचे पुनर्स्मरण ३६ वर्षांनी झाले. श्रीराम राघवन यांच्या ‘जॉनी गद्दार’ (२००७) या रहस्यपटातील नायक दूरचित्रवाणीवर ‘परवाना’ पाहतो आणि त्यातील युक्ती आपल्या गुन्ह्यासाठी उचलतो. या प्रसंगामुळे नव्या पिढीतील प्रेक्षकांना मूळ चित्रपटाची माहिती झाली.

सौदागर

सुधेंदु रॉय दिग्दर्शित ‘सौदागर’ हा चित्रपट ‘जंजीर’नंतर काही महिन्यांनी, १९७३मध्येच प्रदर्शित झाला. नरेंद्रनाथ मित्र यांच्या ‘रस’ या बंगाली कथेवर तो आधारित आहे. बच्चन यांनी खजुराच्या रसाचा गूळ विकणाऱ्या मोतीची भूमिका केली. मोतीला फूलबानोशी (पद्मा खन्ना) लग्न करायचे असते, परंतु त्यासाठी द्यावयाची रक्कम त्याच्याजवळ नसते. म्हणून तो उत्तम गूळ करणाऱ्या महजबीन या विधवेशी (नूतन) लग्न करतो, तिच्या कसबावर पैसे जमवतो आणि हंगाम संपताच तिला सोडून देतो. नव्या पत्नीला गूळ चांगला करता येत नाही आणि बाजारात त्याची पत जाते.

चित्रपटाचा नायक असूनही मोती प्रेक्षकांची सहानुभूती गमावतो. स्वार्थ आणि पश्चात्ताप यांचे हे चित्रण ‘जंजीर’मधील न्यायप्रिय, संतप्त पोलीस अधिकाऱ्याच्या अगदी विरुद्ध टोकाचे आहे. ऑस्कर पुरस्कारासाठी भारताची प्रवेशिका म्हणून ‘सौदागर’ची निवड झाली होती. नायक म्हणून प्रतिमा पक्की झाल्यावर बच्चन यांच्या वाट्याला अशा भूमिका क्वचितच आल्या.

स्वतःच्याच नावाने दिलेले दर्शन

गुड्डी

हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘गुड्डी’ (१९७१) या चित्रपटात धर्मेंद्र यांच्या पडद्यावरील प्रतिमेने भारावलेल्या शाळकरी मुलीची कथा आहे. ही भूमिका जया भादुरी यांनी केली. त्यांच्यासमोरील तरुणाच्या भूमिकेसाठी आधी बच्चन यांची निवड झाली होती. ‘आनंद’मुळे त्यांचा चेहरा परिचित झाला होता आणि मुखर्जी यांना अपरिचित नट हवा होता. त्यामुळे ही भूमिका समित भंज यांच्याकडे गेली. चित्रनगरीच्या दृश्यांत मात्र बच्चन स्वतःच्याच रूपात काही क्षण दिसतात. चित्रपटसृष्टीतील झगमगाटामागचे कष्ट दाखवणे हा चित्रपटाचा हेतू आहे. त्या वेळी बच्चन यांचे स्वतःचे स्थान अस्थिर होते, ही गोष्ट लक्षात घेता हे दर्शन विशेष ठरते. जया भादुरी आणि अमिताभ यांचा विवाह ३ जून १९७३ रोजी झाला.

मेहमूद आणि अन्य मित्रांचे चित्रपट

‘बॉम्बे टू गोवा’ (१९७२) या मेहमूद यांच्या विनोदी चित्रपटात बच्चन यांना नायकाची भूमिका मिळाली होती. पुढे मेहमूद यांनी पोलिओग्रस्त मुलाच्या संगोपनावर ‘कुंवारा बाप’ (१९७४) हा चित्रपट केला. त्यात बच्चन पाहुणे कलाकार म्हणून आले. देवेन वर्मा यांचा ‘बडा कबूतर’ (१९७३) आणि असरानी दिग्दर्शित ‘चला मुरारी हीरो बनने’ (१९७७) यांतही त्यांनी असेच काम केले. हे तिन्ही चित्रपट विनोदी नटांनी स्वतः निर्मिती किंवा दिग्दर्शनात उतरून केलेले होते. अशा चित्रपटांना मोठ्या नटाच्या अल्प दर्शनाचा आधार मिळत असे. ‘नसीब’ (१९८१) या बच्चन यांच्या चित्रपटातील एका समारंभगीतात याच्या उलट घडले आणि अनेक नामवंत कलाकार पाहुणे म्हणून उपस्थित राहिले.

छोटी सी बात

बासू चटर्जी यांच्या ‘छोटी सी बात’ (१९७६) या चित्रपटाचे निर्माते बी. आर. चोप्रा होते. याच सुमारास चोप्रांच्याच संस्थेचा ‘जमीर’ (१९७५) आला होता आणि त्याचे नायक बच्चन होते. ‘छोटी सी बात’चा लाजाळू कारकून अरुण (अमोल पालेकर) आपल्या प्रेमाचा प्रश्न घेऊन खंडाळ्याला कर्नल ज्यूलियस नगेंद्रनाथ विल्फ्रेड सिंग (अशोककुमार) यांच्याकडे जातो. या कर्नलांचा सल्ला घेण्यासाठी आलेल्यांमध्ये अभिनेता अमिताभ बच्चनही आहे. मुंबईच्या बसथांब्याजवळच्या दृश्यांत ‘जमीर’चा फलकही दिसतो.

या प्रसंगातील विनोद बच्चन यांच्या तत्कालीन प्रतिमेवर आधारलेला आहे. पडद्यावर कोणालाही न जुमानणारा नायक येथे एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्यासमोर नम्रपणे मार्गदर्शन मागतो. ‘दीवार’ आणि ‘शोले’ आदल्याच वर्षी प्रदर्शित झाले असल्याने प्रेक्षकांना हा विरोध लगेच उमगत असे. बसने ये-जा करणाऱ्या मध्यमवर्गीय नायकाच्या चित्रपटात त्या काळच्या सर्वांत मोठ्या नायकाचे असे येणे हे हिंदी चित्रपटाच्या दोन प्रवाहांना एका चौकटीत आणणारे ठरले.

गोलमाल

हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘गोलमाल’ (१९७९) या विनोदी चित्रपटातही अमोल पालेकर नायक आहेत. त्यातही चित्रनगरीच्या दृश्यात बच्चन स्वतः दिसतात. नायकाच्या स्वप्नगीतात तर त्यांच्या नावाचा उल्लेखच आहे. आपण अमिताभची जागा घेतली आहे, अशी कल्पना तो सामान्य तरुण त्यात रंगवतो. आठ वर्षांपूर्वी मुखर्जी यांच्याच ‘गुड्डी’त चित्रनगरीत वावरणारा एक नवा नट म्हणून बच्चन दिसले होते. ‘गोलमाल’मध्ये ते यशाचे परिमाण झाले आहेत. एकाच दिग्दर्शकाच्या दोन चित्रपटांतील ही दोन छोटी दर्शने सलग पाहिल्यास मधल्या काळातील बदल स्पष्ट होतो. ‘भुवन शोम’ आणि ‘सात हिंदुस्तानी’ यांत सहभागी असलेले उत्पल दत्त याही चित्रपटात भवानीशंकर या मालकाच्या भूमिकेत आहेत.

निवेदक म्हणून कार्य

सत्यजित राय यांनी ‘शतरंज के खिलाडी’ (१९७७) या आपल्या चित्रपटाच्या निवेदनासाठी बच्चन यांचा आवाज निवडला. प्रेमचंद यांच्या कथेवरील हा चित्रपट १८५६ साली ईस्ट इंडिया कंपनीने अवध संस्थान खालसा केले त्या पार्श्वभूमीवर घडतो. बुद्धिबळात दंग असलेल्या दोन सरदारांच्या भूमिका संजीवकुमार आणि सईद जाफरी यांनी, तर वाजिद अली शाहची भूमिका अमजद खान यांनी केली. ‘शोले’तील गब्बर सिंग आणि जय हे दोघे दोन वर्षांनी या चित्रपटात पुन्हा एकत्र आले, परंतु एक पडद्यावर आणि दुसरा पडद्यामागे. कंपनीच्या तहांचा आणि खंडणीचा इतिहास उपरोधाच्या सुरात सांगणारे हे निवेदन ‘भुवन शोम’मधील मिश्कीलपणाशी नाते सांगते.

आशुतोष गोवारीकर यांच्या ‘लगान’ (२००१) या चित्रपटाचे निवेदनही बच्चन यांचे आहे. १८९३ सालातील चंपानेर या काल्पनिक गावाची कथा या आवाजाने सुरू होते. त्यानंतर ‘जोधा अकबर’ (२००८) व अन्य चित्रपटांतही त्यांचा आवाज निवेदनासाठी वापरण्यात आला. आकाशवाणीच्या चाचणीत न निवडला गेलेला आवाज पुढे ऐतिहासिक कथनाचा जणू अधिकृत आवाज झाला.

मराठी आणि अन्य भाषांतील कामे

अक्का

बच्चन यांचे अनेक दशकांचे रंगभूषाकार दीपक सावंत यांनी ‘अक्का’ (१९९४) या मराठी चित्रपटाची निर्मिती केली. त्यातील एका गीतात अमिताभ आणि जया बच्चन हे दांपत्य पाहुणे कलाकार म्हणून दिसते. मराठी चित्रपटातील त्यांच्या सहभागाचे हे आरंभीचे उदाहरण होय. सावंत यांनी पुढे ‘गंगा’ (२००६), ‘गंगोत्री’ (२००७) आणि ‘गंगादेवी’ (२०१२) हे भोजपुरी चित्रपट काढले आणि त्यांतही बच्चन यांनी काम केले. अवधी प्रदेशातील बोलीचा परिचय बच्चन यांना घरातूनच होता. मात्र त्यांचे भोजपुरी पडद्यावरील पदार्पण एका मराठी रंगभूषाकाराच्या निर्मितीतून झाले.

ए. बी. आणि सी. डी.

मिलिंद लेले दिग्दर्शित ‘ए. बी. आणि सी. डी.’ हा मराठी चित्रपट १३ मार्च २०२० रोजी प्रदर्शित झाला. विक्रम गोखले यांनी त्यात चंद्रकांत देशपांडे या घरच्यांकडून दुर्लक्षित झालेल्या वृद्धाची भूमिका केली. हे गृहस्थ अमिताभ बच्चन यांचे शालेय सोबती असल्याचे समजताच भोवतालच्या लोकांचे त्यांच्याशी वागणे बदलते, असे कथानक आहे. बच्चन यात स्वतःच्याच रूपात येतात. ‘छोटी सी बात’ आणि ‘गोलमाल’ यांतील कल्पनेचा हा उत्तरकालीन विस्तार म्हणता येईल. तेथे प्रसिद्ध नटाची ओळख हा क्षणभराचा विनोद होता, येथे तीच ओळख संपूर्ण कथेचा आधार झाली आहे.

गोखले यांच्या आरंभीच्या हिंदी चित्रपटांत ‘परवाना’चा समावेश होतो. पुढे ‘अग्निपथ’ (१९९०) आणि ‘खुदा गवाह’ (१९९२) या चित्रपटांतही हे दोघे एकत्र होते. ‘ए. बी. आणि सी. डी.’ प्रदर्शित झाला त्याच सुमारास करोना साथीमुळे महाराष्ट्रातील प्रमुख शहरांतील चित्रपटगृहे बंद झाली आणि चित्रपट आंतरजालावरूनच बहुतांश प्रेक्षकांपर्यंत पोहोचला. गोखले यांचे २६ नोव्हेंबर २०२२ रोजी निधन झाले.

इतर भाषा

शक्ती सामंत यांचा ‘बरसात की एक रात’ (१९८१) हा चित्रपट बंगालीत ‘अनुसंधान’ या नावाने आला. त्याच वर्षीच्या ‘विलायती बाबू’ या पंजाबी चित्रपटात बच्चन पाहुणे कलाकार होते. ‘अमृतधारे’ (कन्नड, २००५), ‘कंदाहार’ (मल्याळम, २०१०) आणि ‘मनम’ (तेलुगू, २०१४) हे दक्षिणेतील भाषांमधले उल्लेखनीय चित्रपट होत.

बाझ लुहरमन यांच्या ‘द ग्रेट गॅट्सबी’ (२०१३) या इंग्रजी चित्रपटात त्यांनी मायर वुल्फशाइम या ज्यू जुगाऱ्याची छोटी भूमिका केली. एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड यांच्या १९२५ सालच्या कादंबरीतील हे पात्र आहे. या कामासाठी त्यांनी मानधन घेतले नाही. हा चित्रपट २०१३च्या कान महोत्सवाचा उद्घाटनाचा चित्रपट होता. लिओनार्डो डिकॅप्रिओ यांच्यासह व्यासपीठावर आलेल्या बच्चन यांनी त्या प्रसंगी हिंदीतून भाषण केले.

जतन आणि पुनर्दर्शन

बच्चन यांनी आपल्या चित्रपटांच्या प्रती जपून ठेवल्या आणि त्या जतनासाठी फिल्म हेरिटेज फाउंडेशन या संस्थेकडे सोपवल्या. चित्रपट-वारशाच्या जतनातील योगदानाबद्दल २०२१ साली त्यांना आंतरराष्ट्रीय चित्रपट अभिलेखागार महासंघाचा पुरस्कार देण्यात आला. त्यांच्या ८०व्या वाढदिवसानिमित्त या संस्थेने ८ ते ११ ऑक्टोबर २०२२ या काळात देशातील १७ शहरांत त्यांच्या ११ चित्रपटांचा महोत्सव भरवला. ‘अभिमान’, ‘दीवार’, ‘चुपके चुपके’, ‘मिली’, ‘कभी कभी’, ‘अमर अकबर अँथनी’, ‘डॉन’, ‘काला पत्थर’, ‘कालिया’, ‘सत्ते पे सत्ता’ आणि ‘नमक हलाल’ हे ते चित्रपट होत.

या यादीतील सर्वांत जुना चित्रपट ‘अभिमान’ (जुलै १९७३) आहे, म्हणजे ‘जंजीर’च्या (मे १९७३) नंतरचा. ‘सात हिंदुस्तानी’, ‘रेश्मा और शेरा’, ‘परवाना’ किंवा ‘सौदागर’ यांचा तीत समावेश नव्हता. लोकप्रिय चित्रपटांच्या पुनर्दर्शनाला प्रेक्षकांचा प्रतिसाद निश्चित असतो, तसा तो अपयशी ठरलेल्या किंवा क्षणभराच्या दर्शनाच्या चित्रपटांना नसतो. पाहुण्या कलाकाराच्या कामाचे अस्तित्व तर सर्वस्वी मूळ चित्रपटावर अवलंबून असते. तो चित्रपट दुर्मीळ झाला की ते कामही दृष्टिआड होते आणि सूचीतील एका ओळीपुरते उरते.

निवडक सूची

• भुवन शोम (१९६९) – निवेदक
• सात हिंदुस्तानी (१९६९) – अन्वर अली
• रेश्मा और शेरा (१९७१) – छोटू (मूक भूमिका)
• परवाना (१९७१) – कुमार सेन (खलनायक)
• गुड्डी (१९७१) – स्वतः
• बावर्ची (१९७२) – निवेदक
• बडा कबूतर (१९७३) – पाहुणा कलाकार
• सौदागर (१९७३) – मोती
• कुंवारा बाप (१९७४) – पाहुणा कलाकार
• छोटी सी बात (१९७६) – स्वतः
• चला मुरारी हीरो बनने (१९७७) – पाहुणा कलाकार
• शतरंज के खिलाडी (१९७७) – निवेदक
• गोलमाल (१९७९) – स्वतः
• विलायती बाबू (पंजाबी, १९८१) – पाहुणा कलाकार
• अक्का (मराठी, १९९४) – गीतातील पाहुणा कलाकार
• लगान (२००१) – निवेदक
• द ग्रेट गॅट्सबी (इंग्रजी, २०१३) – मायर वुल्फशाइम
• ए. बी. आणि सी. डी. (मराठी, २०२०) – स्वतः

हेही पहा

• ख्वाजा अहमद अब्बास
• हृषीकेश मुखर्जी
• उत्पल दत्त
• विक्रम गोखले
• गोवा मुक्तिसंग्राम